सॉसची बाटली आणि फुल फॉरवर्डची जागा

मी एक सॉसची बाटली. लाल, प्लॅस्टिकची, कमरेत जरा बारीक आणि डोक्यावर निमुळती टोपी. मला बघून कुणी उठून उभं राहत नाही, हे मान्य आहे. पण मिंडारा गावात बारा वर्षं मी फुल फॉरवर्ड खेळले आहे, आणि हे सांगताना माझी मान अजून ताठ होते.

हसू नका. सगळं सांगते, मग काय हसायचं ते हसा.

माझा जन्म मेलबर्नच्या पश्चिमेला एका कारखान्यात झाला. आम्ही बारा बहिणी एका साच्यातून निघालो आणि एकाच खोक्यात कोंबल्या गेलो. मग ट्रक, मग पाच तास नुसता सपाट रस्ता, दोन्हीकडे कापून झालेला गहू. उतरलो ते थेट मिंडाराच्या बेकरीत. तुयेत नावाच्या बाईनं ती बेकरी त्याच महिन्यात घेतली होती. तिनं आम्हाला धुतलं, भरलं, एकेका टेबलावर एकेकीला बसवलं. बहिणींपैकी एक भट्टीजवळ ठेवल्यामुळे वाकडी झाली, दोघींना वाटसरूंनी गाडीत घालून नेलं, बाकीच्या या ना त्या कारणानं गेल्या. खिडकीजवळच्या टेबलावरची मी तेवढी टिकले.

बारा वर्षांत मी एक गोष्ट शिकले. माणूस ओळखायचा असेल तर त्याला बोलायला लावू नका, खिम्याच्या पाईवर सॉस घालायला लावा. कुणी वरच्या कवचाला बोटानं भोक पाडून आत सॉस ओततो. कुणी नक्षी काढत बसतो. कुणी एवढा घालतो की पाई शोधावी लागते. आणि वर्न क्विलसारखा एखादा फक्त एक थेंब घालतो आणि तो मधोमध पडला की नाही हे वाकून बघतो.

हा वर्न आमच्या खिडकीच्या टेबलावरचा एक. तीस वर्षं त्यानं पांढरा कोट घालून गोलाच्या खांबांमागे पंचाचं काम केलं. चेंडू रेषेपलीकडे गेला की दोन्ही तर्जन्या पुढे करायच्या, म्हणजे गोल. निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. दुसरा नेव ट्रँटर, जन्मभर गव्हाचे ट्रक चालवलेला. गावाच्या फुटबॉल संघात कोण खेळणार हे जे तिघे ठरवतात, त्यांत नेवचा शब्द शेवटचा. आणि तिसरी कोरल हिबर्ट. तिचा नवरा रे चार वर्षांपूर्वी गेला. मुलगा केल धान्याच्या कोठारांवर कामाला आणि आमच्या संघाचा फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या गोलापाशी उभा राहून गोल मारणारा.

दर गुरुवारी दहा वाजता हे तिघे येणार आणि टेबलावर संघ मांडणार. टेबल म्हणजे मैदान. खिडकीकडचं टोक समोरच्यांचा गोल, काउंटरकडचं टोक आपला. मिरपुडीचं उंच यंत्र मधोमध, कारण आमचा मधला गडी सव्वासहा फुटी. चमचे दोन्ही बाजूंना, साखरेच्या पुड्या मागे बचावाला. आणि मी खिडकीपाशी, अगदी पुढे. पहिल्याच वर्षी कोरलनं मला तिथं ठेवलं होतं. म्हणाली, "हा माझा केल. उंच आहे, लाल आहे आणि पालथा केला की थांबत नाही." तेव्हापासून ती जागा माझी.

यंदा एप्रिलमधली गोष्ट. मोसमाचा पहिला सामना दोन दिवसांवर आला होता, तोही ब्रिमलीशी, ज्यांनी गेल्या वर्षी आम्हाला त्र्याहत्तर गुणांनी धुतलं होतं. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एका गोलाला सहा गुण मिळतात. गाव पेरणी विसरून फक्त संघाचं बोलत होतं. संध्याकाळी सात वाजता क्लबच्या भिंतीवर यादी लागायची होती.

नेव आला तोच तोंड पाडून. खुर्ची ओढली, चमचे लावले, पुड्या लावल्या. मग मला उचललं आणि चक्क शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. माझ्या जागी मोहरीची पिवळी बाटली! कालची आलेली, अंगावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

"हे काय?" कोरल म्हणाली.

"लॅकी ड्रमंड," नेव म्हणाला. "गोठेवाल्या ड्रमंडचा मुलगा. एकोणीस वर्षांचा आहे. हरणासारखा पळतो."

"ते राहू दे. केल कुठाय?"

"खुर्चीवर."

"खुर्चीवर काय करतोय तो?"

नेवनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "कोरल, त्याचा गुडघा बघितलास का? रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरताना असा वाजला की पाद्रीबाबा बोलता बोलता थांबले."

"पाद्रीबाबांना थांबायला निमित्तच लागतं." कोरलनं मला खुर्चीवरून उचललं, खिडकीपाशी ठेवलं आणि मोहरीला खुर्चीवर आपटलं. "त्या पोराला अजून मिशी फुटली नाही नेव!"

"मिशीनं गोल मारायचे नसतात." नेवनं परत अदलाबदल केली.

मी परत खुर्चीवर. मग परत टेबलावर. मग पुन्हा खुर्चीवर. माझ्या पोटातला सॉस नुसता घुसळून निघाला. बारा वर्षांत एवढं अंतर मी कधी कापलं नव्हतं.

"वर्न, तू बोल," कोरल म्हणाली.

"चेंडू रेषेपलीकडे गेलेला दिसल्याशिवाय मी बोलत नसतो," वर्न म्हणाला आणि चहात बिस्कीट बुडवलं.

"शहाणाच आहेस!"

काउंटरमागून तुयेतनं आवाज दिला, "भांडा खुशाल, पण बाटली फुटली तर तिघांनी मिळून फरशी पुसायची." फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही. पण केलला लहान पाई ती कधी देत नाही.

मग नेव खालच्या आवाजात म्हणाला, "कोरल, ऐक. यादी आज सातला लागणार. तुला ती भिंतीवर बघून कळावं असं मला वाटलं नाही, म्हणून मी आलो. केल राखीव संघात खेळेल. बारा वाजताचा सामना."

कोरलनं समोरचा केक बाजूला सारला. खाणं असं बाजूला सारताना मी तिला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, रे गेला त्या आठवड्यात.

"बारा वाजता मैदानावर कुत्रंसुद्धा नसतं," ती म्हणाली. "नेव, मी आठवडाभर घरात एकटी असते. शनिवारी गोलामागे खुर्ची टाकून बसते, पोराचं नाव लोकांच्या तोंडून ऐकते, तेवढ्यावर पुढचा आठवडा निघतो. तू एवढंही काढून घेणार असशील तर घे. पण मग पुढच्या गुरुवारी या टेबलावर मी नसेन."

नेवचा चेहरा एवढासा झाला. रेच्या आजारपणात दर मंगळवारी कोरलला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात जाणारा हाच नेव. पण संघाचं काम म्हणजे संघाचं काम. त्यानं मला हातात धरून ठेवलं होतं आणि कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं मला माझ्या जुन्या जागी, खिडकीपाशी, मोहरीला खेटून ठेवलं. एका जागेवर दोघी! असं कुठं असतं का?

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि केल आत आला.

दहाच्या सुट्टीत तो रोज येतो. अंगावर गव्हाची धूळ, चालताना उजवा पाय जरा जपून टाकत. तुयेतनं पाई दिली. तो टेबलापाशी आला, आईच्या खांद्यावर हात ठेवला, "काय मंडळी," म्हणाला आणि लांब हात करून मला उचललं. पाईला भोक पाडलं, दोनदा दाबलं. आणि काउंटरकडे परत वळता वळता, ज्या टोकाला तो उभा होता त्याच टोकाला मला ठेवून दिलं.

काउंटरकडच्या टोकाला. साखरेच्या पुड्यांमध्ये. आपल्याच गोलासमोर.

तिघेही माझ्याकडे बघत राहिले. नेवचं तोंड उघडंच. वर्नच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. दुसऱ्या कुठल्याही गावात लोक म्हणाले असते, सॉस घेतला आणि बाटली ठेवली. मिंडाराच्या लोकांना वाटलं, केलनं आपला निर्णय सांगितला!

"फुल बॅक," नेव पुटपुटला. "अरे देवा. फुल बॅक! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"काय झालं?" केल म्हणाला. "संपला का सॉस?"

"केल, तू स्वतःहून मागे जायचं म्हणतोयस?"

"मागे कुठं? मी कोठारावर चाललोय."

नेवनं माझ्याकडे बोट दाखवलं. केलनं टेबल नीट बघितलं. खिडकीपाशी मोहरी बघितली. त्याला सगळं कळलं. हातातली पाई त्यानं खाली ठेवली.

"म्हणजे मला काढायला बसला होतात," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. महिनाभर वाटतंय. गुडघा पुढं पळायला नाही म्हणतो, काका. मीच तुमच्याकडे येऊन सांगणार होतो, पण आईसमोर जीभ रेटली नाही." मग त्यानं परत माझ्याकडे बघितलं. "पण फुल बॅक? फुल फॉरवर्ड काय काय लबाड्या करतो, सगळ्या मला पाठ आहेत. अर्ध्या तर मीच काढल्यात."

वर्ननं दोन्ही तर्जन्या पुढे केल्या.

कोरल मात्र उठली. "सहाशेवर गोल मारलेल्या माणसानं आता गोल अडवत बसायचं? छान." अर्धा केक तसाच टाकून ती निघून गेली. नेव तिच्यामागे दारापर्यंत गेला आणि परत आला. संध्याकाळी यादी लागली. लॅकी पुढे, केल मागे.

शनिवारी तुयेत मैदानावरच्या टपरीच्या खिडकीतून पाई विकते, आणि मीही जाते. आमची ती खिडकी एका गोलाच्या बरोबर मागे आहे, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कोरल आली. मला वाटलं होतं, नाही येणार. तिनं सवयीनं आमच्या बाजूला खुर्ची टाकली, कारण सामन्याच्या पहिल्या पाव भागात आपला संघ याच गोलावर मारणार होता. पण तिचा मुलगा होता पार पलीकडे, मुंगीएवढा. इथं लॅकी. लोक त्याच्या नावानं ओरडत होते, त्यानं दोन गोल मारले, गाड्यांचे भोंगे वाजले. कोरल हाताची घडी घालून बसली होती. नेव येऊन शेजारी उभा राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तिथंच उभा राहिला.

मग मैदानाचा भोंगा वाजला. सामन्याचा प्रत्येक पाव भाग संपला की संघ बाजू बदलतात, आणि आमचे प्रेक्षकही आपापल्या खुर्च्या उचलून गोल मारणाऱ्यांच्या मागे दुसऱ्या टोकाला जातात. इतकी वर्षं कोरल असंच करत आली होती. ती उठली, खुर्ची मिटायला लागली.

नेवनं खुर्चीवर हात ठेवला. "बस, कोरल."

"सगळे तिकडे चाललेत."

"जाऊ देत. इतकी वर्षं तू त्याच्यामागे मैदानभर फिरलीस. आज तोच तुझ्याकडे येतोय."

तिनं मान वर केली. आणि खरंच, लांबून केल पळत येत होता. एक पाय जपत, सावकाश, पण येत होता. गोलाच्या खांबापाशी आला, आईला बघून हसला, मग पाठ फिरवून उभा राहिला, ब्रिमलीच्या फुल फॉरवर्डला खांद्यानं रेटत.

"सरळ उभा राहा रे केल!" कोरल एवढ्या जोरात ओरडली की तुयेतच्या हातातून पाई पडली. मग तिनं डोळे पुसले आणि नेवला म्हणाली, "तू काय उभा आहेस खांबासारखा? चहा आण."

आम्ही चार गुणांनी हरलो. पण ब्रिमलीच्या त्या फुल फॉरवर्डला दिवसभरात एकच गोल मिळाला, आणि गेल्या वर्षीचे त्र्याहत्तर आठवून अख्खं गाव जिंकल्यासारखं नाचलं.

आता मी थकले आहे. टोपीला चीर गेली आहे, लाल रंग उडून विटकरी झाला आहे. दाबलं तर सॉस येण्याआधी दोनदा हवाच येते आणि लोक फिदीफिदी हसतात. हसू देत.

परवाच्या गुरुवारी दहा वाजता तिघंही आले. नेवनं चमचे लावले, वर्ननं पुड्या मोजून मांडल्या, मोहरी खिडकीपाशी गेली. मला कुणी हात लावेना. दोघंही कोरलकडे बघत होते. तिनं मला उचललं, टोपीवरचा वाळलेला सॉस रुमालानं पुसला, आणि टेबलाच्या काउंटरकडच्या टोकाला, आपल्या गोलासमोर, स्वतःच्या हातानं ठेवलं.

एवढंच सांगायचं होतं. कधी मिंडाराला आलात तर खिडकीच्या टेबलावर बसा, पाई घ्या, मला हवं तितकं दाबा. फक्त परत ठेवताना जरा बघून ठेवा, बाबांनो. गुरुवार असेल तर फारच.