म्हाळूचे हात

घाटनांदूरचे वृद्ध चित्रकार त्रिंबकराव यांनी एक नेम व्रतासारखा सांभाळला होता: माणूस जे जगला, तेवढेच त्याच्या चित्रात उतरवायचे. म्हणून चेहऱ्याआधी ते हात रंगवीत. चेहऱ्याला सोंग साधते, हातांना साधत नाही, असे ते म्हणत.

आप्पाराव पूर्वी ऊसतोड टोळ्यांचे मुकादम होते, आता पुढारी झाले होते. आपणही फडात ऊस तोडला आहे, असे ते प्रत्येक सभेत सांगत. दसऱ्याला, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, त्यांना आपल्या कोयताधारी तैलचित्राचे अनावरण करायचे होते.

ते ओसरीवरील खुर्चीत विराजमान झाले. खंडेनवमीच्या पूजेसाठी आणून ठेवलेला कोराकरकरीत कोयता त्यांनी पळीसारखा धरला, तोही धार स्वतःकडे करून. बोटे मऊ, सोन्याच्या अंगठ्यांनी करकचलेली. या हातांनी कोयता कधी धरलेला दिसत नाही, असे त्रिंबकरावांनी नम्रपणे सांगितले. आप्पाराव जराही वरमले नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या टोळीतल्या म्हाळूला बोलावले.

“हात ह्याचे काढा, तोंड माझं. कोण बघायला बसलंय?”

म्हाळू खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. कोयता उचलून धरत म्हणाला, “पेंटरसाहेब, हातासंगं पाठदुखी बी मालकालाच द्या.”

आप्पाराव खदखदून हसले, आपले हात उपरण्याखाली सारून गुटख्याची पिंक पायरीवर टाकली. तो ओघळ, तो अत्तराचा दर्प. त्रिंबकरावांनी कुंचला उचलला. वाद न घालता त्यांनी समोर दिसले तेच रंगवले: खुर्चीत हात लपवलेला धनी आणि त्याच्या पायांशी, भेगाळल्या हातांनी त्याच्यासाठी कोयता उचलून धरलेला म्हाळू. हे पाहून तरी हा मनुष्य लाजेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

दसऱ्याला पडदा सरला. आप्पाराव बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा प्रसन्नतेने फुलला.

“लई झ्याक. पायाशी माणूस असला की धनी शोभतो. बॅनर ह्याचाच करा.”

भोवतीच्यांनी माना डोलावल्या. म्हाळूनेही चित्राला हात जोडले.

त्रिंबकराव चित्राच्या कोपऱ्यातल्या आपल्या सहीपाशी वाकले. सहीचा रंग अजून ओलाच होता. टर्पेंटाईनच्या फडक्याने त्यांनी तो पुसून काढला.

“नाव कावून पुसलं?” आप्पारावांनी विचारले.

“या चित्रासाठी दोघांचे हात तुम्ही वापरलेत,” फडक्याची घडी घालत त्रिंबकराव म्हणाले. “त्यातले माझे परत नेतो.”