मापाची गाडी

हरिहरपंतांनी खडूची रेघ तुळशीवृंदावनाला वळसा घालून पलीकडे नेली, विहिरीच्या काठापाशी उभे राहून मागे पाहिले आणि कपाळाला हात लावला. लॉरी अंगणात मावत नव्हती.

"तुळशीवरून गाडी नेणार का आता?" ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या उत्तराबाईंनी विचारले.

"अगं, हे नुसतं माप आहे. हे बघ, इथे तुझा ओटा. त्याच्या शेजारी देव. इथे पाटा-वरवंटा."

"पाटा-वरवंटा?"

"म्हणजे काय! वाटण कशावर करशील?"

उत्तराबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला. पंत खडूने पांढरे झालेले हात झटकत पायरीपाशी आले.

"मग? येणार ना?"

"बघू," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

हे 'बघू' पंतांना छळत होते. सरकारी रस्ते खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची उभी हयात फिरतीवर गेली. निवृत्त झालेली माणसे घरी बसतात. पंतांना ते बसणेच जमेना. जेवता जेवता उठून फाटकापर्यंत जात. घरातसुद्धा पायात बूट. खोपट नाक्याच्या बाजूने मोटारीचा हॉर्न ऐकू आला की वर्तमानपत्र खाली ठेवत आणि ती मोटार कुठली असेल, कुठे चालली असेल, याचा विचार करत बसत. ठाण्यातल्या ओळखीच्या चार मंडळींनी त्यांना शाखेत यायला सांगितले, सकाळी तळ्यावर फिरायला बोलावले. तळ्याला चक्कर मारून माणूस पुन्हा जिथल्या तिथे येतो, म्हणून पंतांना त्याचा राग येई.

मग युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या कल्याणकडे मिळतात असे कोणी तरी सांगितले, आणि पंतांच्या डोक्यात चाकांवरचे घर शिरले. गाडी त्यांना चालवता येत होती. रस्ते पाठ होते. फक्त एकट्याने जायचे नव्हते. इतकी वर्षे डाकबंगल्याच्या व्हरांड्यात सकाळी उठून समोरचा डोंगर पाहताना, हे बघ, असे म्हणायला शेजारी कोणी नसायचे. एकट्याने पाहण्याचा त्यांना वीट आला होता. उत्तरा आली तर जायचे, नाही तर हा बेतच सोडून द्यायचा, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. तसे तिला सांगितले मात्र नव्हते.

ती कशाला अडून बसली असेल? पंतांनी आपल्या परीने हिशेब केला. घर सोडवत नसणार. मग घरातले सगळेच बरोबर घेऊ! त्यांनी आधी आखलेली गाडी आटोपशीर होती. सकाळी उत्तराबाईंनी सडा घातला, ती वाहून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओटा वाढवला. पुन्हा सडा, पुन्हा रेघा. मग देव आले, लोणच्याच्या बरण्यांची फळी आली, बंब आला. रोजच्या सड्यानंतर गाडी वीतभर वाढत गेली आणि आज ती तुळशीला वळसा घालून विहिरीला लागली. उत्तराबाईंचे 'बघू' मात्र होते तेवढेच राहिले.

"उद्या कल्याणला माझ्याबरोबर चल," संध्याकाळी पंत म्हणाले. "डोळ्यांनी बघ, मग काय ते सांग."

यावर त्या 'बघू' म्हणाल्या नाहीत. सकाळी पंतांचे बूट चढवून होण्याआधीच त्या फाटकाशी उभ्या होत्या.

कल्याणला उतरून टांग्याने मोहन्याच्या वाटेला लागले की उजव्या हाताला काळुरामचे शेत होते. त्यात भाताऐवजी आता गाड्या उभ्या होत्या. चाके नसलेल्या, टप नसलेल्या, काही अगदी धड. काळुराम धोतराचा काचा मारून एका इंजिनात डोके खुपसून होता. बाई माणूस आलेले पाहून त्याने खांद्यावरचा पंचा काढून हात पुसले.

"या, या. साहेब, मानसां किती जानार? त्यावर गारी."

"दोघं," पंत म्हणाले. "पण मोठीच दाखव. संसार न्यायचाय."

"संसाराला मंग ही लॉरी. हिच्यान आख्खा गाव बसंल." काळुरामने तिच्या अंगावर थाप मारली. "आनि दोन मानसांना ती बगा. तिकरं, चिंचेखाली."

चिंचेखाली एक बुटकी अँब्युलन्स उभी होती. तिच्या बाजूवरची तांबडी फुली हिरव्या रंगाखाली अर्धवट झाकली होती. पंतांनी तिच्याकडे पाहून मान फिरवली.

"छे! त्यात माणसं गेली असतील."

"आपल्या मधल्या खोलीत तुमचे आजोबा गेले, आत्या गेल्या, सासूबाई गेल्या," उत्तराबाई म्हणाल्या. "तिथंच झोपते की मी रोज."

काळुराम हसला. पंतांनी ते न ऐकल्यासारखे केले आणि लॉरीच्या मागे खोके लावून उत्तराबाईंना वर घेतले. आत गुडघाभर वाढलेल्या गवताचा आणि ग्रीसचा वास कोंडला होता. पंत टेप सोडत, गुंडाळत इकडून तिकडे फिरू लागले. इथे फळी, इथे बंब, इथे ओटा. ओट्याच्या जागी त्यांनी उत्तराबाईंना उभे केले.

"हात पुरतो का बघ बरण्यांपर्यंत."

उत्तराबाईंनी हात वर केला. पुरत होता.

"गाडी चालू असताना मी इथं असणार?"

"म्हणजे, पुढच्या मुक्कामाला जेवण तयार हवं ना. अडचण नाही व्हायची तुला, ओटा घरच्यापेक्षा मोठा आहे."

"आणि बाहेरचं काय दिसेल इथून?"

पंत थबकले. हा विचार त्यांनी केला नव्हता. पण रस्ते खात्यात प्रत्येक अडचणीवर तोड काढलेला माणूस, लगेच सावरला. "खिडकी करू. ओट्यासमोर. घरी आहे तश्शी!"

घरच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसे. उत्तराबाईंनी वर केलेला हात खाली घेतला, पदराला पुसला आणि कोणाची मदत न घेता खोक्यावरून खाली उतरल्या.

"काय झालं?" पंत मागोमाग उतरले. "लहान पडतेय का? याच्याहून मोठीही असेल. काळुराम—"

"अहो, घरातून निघायचं आणि घरच पाठीवर घ्यायचं, मग निघालो कशातून?"

"पण हे सगळं तुझ्याचसाठी चाललंय!"

"माझ्यासाठी?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो अंगणापलीकडे कधी गेला नव्हता, इथे तो शेताच्या बांधापर्यंत गेला. "पहाटेचा चहा कुणाला लागतो? वाटण पाट्यावरचं नसलं तर आमटीची वाटी कोण बाजूला सारतं? अंघोळीला बंबाचं पाणी कुणाला? मला तर विहिरीचं चालतं."

काळुराम बादली उचलून उगाच शेतातल्या विहिरीकडे गेला.

"फिरतीवर असताना तुम्ही कुठं जेवत होतात?"

"कुठंही. खानावळीत. कुणा पाटलाच्या घरी."

"मग मला का नको?"

"अगं, तू बाहेरचं खात नाहीस."

"मला कुणी विचारलं?"

पंतांच्या हातातला टेप आपसूक गुंडाळला गेला. बाहेरचे खायचे नाही हा नेम त्यांच्या आईने घालून दिला होता. आई जाऊन किती तरी वर्षे झाली. नेम उठवायचे कोणाच्या लक्षातच आले नाही. अर्ध्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर त्यांनी स्वतः उभे राहून खडी टाकून घेतली होती, आणि त्यातला एकही रस्ता आपल्या बायकोने पाहिलेला नाही, हे त्यांना त्या शेतात, भर उन्हात उमगले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

उत्तराबाई चिंचेकडे चालू लागल्या होत्या. अँब्युलन्सचे पुढचे दार गंजले होते, ते त्यांनी दोन्ही हातांनी ओढून उघडले आणि आत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या. समोरच्या मोठ्या काचेतून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या. समोर काही नव्हते. वाळलेले शेत, एक बाभूळ आणि मोहन्याकडे जाणारी धुळीची वाट.

परतताना स्टेशनाजवळ एका खानावळीची पाटी दिसली. पंतांनी टांगा थांबवला. उत्तराबाईंकडे न पाहताच म्हणाले, "चल. भूक लागलीय."

दोघांची पाने शेजारी शेजारी मांडली गेली. तिथेच उत्तराबाई क्षणभर अवघडल्या. नवऱ्याबरोबर एका पंक्तीला त्या शेवटच्या कधी बसल्या होत्या, तर बहुधा लग्नात. खानावळीची मालकीण मालन तव्यावरून उतरलेली पोळी घेऊन आली आणि तिने ती त्यांच्या ताटात टाकली. बोटांना चटका बसला. त्यांनी पोळी लगेच मोडली नाही. तिच्यातून निघणारी वाफ त्या बघत राहिल्या. घरात सगळ्यांना तव्यावरची वाढून झाल्यावर तळाशी उरलेली, वातड झालेली पोळी हीच त्यांच्या वाट्याची. पोळी तव्यावर टम्म फुगते, हे ठाऊक होते. गरम पोळीची चव मात्र त्या पार विसरल्या होत्या.

पंतांनी नेहमीप्रमाणे भराभरा जेवण उरकले. उठायला म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, शेजारी पाहिले आणि पुन्हा बसले. उत्तराबाईंची दुसरीच पोळी चालू होती.

"काळुरामला कळवतो," ते हळूच म्हणाले. "छोटीच घेऊ. आत काही नको. दोन वळकट्या आणि पाण्याची कळशी."

"हं."

"मग येणार ना?"

तेवढ्यात मालन आली. "ताई, वाढू की पुरे?"

उत्तराबाईंचा हात सवयीने ताटावर आडवा गेला. मग त्यांनी तो बाजूला घेतला.

"वाढा," त्या म्हणाल्या. "यांना थांबू दे जरा. सवय व्हायला हवी. आम्हाला पुष्कळ लांब जायचंय."

मालनने वाफाळती पोळी वाढली. पंत जेवून वाळलेला खरकटा हात ताटावर तसाच धरून बसून राहिले.