सन्मान समितीच्या अध्यक्षा पिक्चर बघतात

ओपल हिनशॉनं तो पिक्चर कधीच पाहिला नव्हता, आणि लिंडसी फोर्क गावात त्याचा तिच्याइतका मनापासून राग दुसरं कोणी करत नव्हतं.

पिक्चरचं नाव 'डावीकडेच'. त्यात हूट ग्रिग्ज नावाचा एक शर्यतवाला आहे. जन्मभर तांबड्या मातीच्या त्या लंबगोल ट्रॅकवर डावीकडे वळून वळून त्याला उजवीकडे वळायचं ठाऊकच राहिलेलं नाही. बायकोला कळा सुरू होतात, दवाखाना रस्त्यापलीकडे उजव्या हाताला, आणि हा बाबा तीन जिल्हे फिरून तिथं पोचतो. पिक्चर गावातल्याच ट्रॅकवर एका उन्हाळ्यात काढलेला. प्रेक्षक म्हणून स्टँडमध्ये बसवले होते तेही गावचेच लोक, हॉटडॉगच्या बदल्यात.

पिक्चर लागला तेव्हा गाव खवळलं. "आपण काय असे येडे आहोत?" असं एकमेकांना विचारत लोक थिएटरातून बाहेर पडले, आणि अपमान नक्की केवढा झालाय याची खात्री करून घ्यायला पुढच्या खेळाला परत आत गेले. लगोलग गावाची अब्रू राखायला सन्मान समिती स्थापन झाली. अध्यक्षपद ओपलकडे आलं, कारण बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींत पिक्चर न पाहिलेली ती एकटीच होती. तेव्हा तिचं मन शुद्ध आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. समितीतून आधी न्हावी फुटला. त्यानं दुकानावर 'हूटचे केस येथे कापले' अशी पाटी लावली. मग महापौरबाई फुटल्या. मग सप्टेंबरात पिक्चरच्या नावानं उत्सव सुरू झाला. उत्सवाच्या दिवशी गावात उजवीकडे वळायला कायद्यानं बंदी. गेल्या वर्षी आगीचा बंब डावीडावीकडे वळत पोचेपर्यंत बार्बेक्यूची अख्खी शेड जळून गेली होती, तरी शेडवाल्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. ओहायोहून, टेक्सासहून, एकदा तर थेट जपानहून माणसं आली. गावात कापडाची गिरणी होती ती बंद पडली, फर्निचरचा कारखाना गेला. टिकला तो हूट ग्रिग्ज. आता सन्मान समितीत एकच सभासद उरली होती, आणि ती तिची अध्यक्षाही होती.

सगळ्यात लाडकी होती पिक्चरमधली हूटची बायको, मॅव्हिस. तिची वाक्यं गावाच्या तोंडात मुरली होती. बँकेचं मशीन अडलं की कोणीतरी म्हणायचंच, "आमच्या ह्यांच्यापेक्षा गाडी बरी, धक्का दिला की चालते तरी." मुलगा परीक्षेत आपटला की आई म्हणायची, "पहिला आलास की! हरलेल्यांत!" आणि उत्सवातल्या निम्म्या बायकांच्या टी-शर्टवर, भट्टीतून काढून गरमागरम खायच्या बिस्किटांबद्दलचं, ते प्रसिद्ध वाक्य छापलेलं असायचं: 'बिस्किटं गार झालीत, आणि मीही.'

त्या टी-शर्टवर तर ओपलचा विशेष दात होता. चर्चच्या सहलीत ते घालून आलेल्या तिघींना तिनं स्वतः घरी पाठवलं होतं. "नवराबायकोचं स्वयंपाकघरातलं बोलणं छातीवर छापून हिंडायचं? ज्या बाईनं हे म्हटलं ना, तिला लाज नव्हती!" ती म्हणाली होती. त्या वेळी तिचा नवरा गार्लंड शेजारीच उभा होता. तो केळ्याचं पुडिंग खात होता. त्याला जोराचा ठसका लागला.

हा गार्लंड एके काळी खरोखरीचा शर्यतवाला. त्या ट्रॅकवर कितीदा तरी जिंकलेला. आता कंबर गेली होती आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर जुने कार्बुरेटर खोलून बसणं एवढंच उरलं होतं. पिक्चरचा विषय निघाला की तो घासलेला स्क्रू परत घासायला घ्यायचा.

त्या वर्षी नवे पास्टर आले. ब्रॅन्सन यौ नावाचे, तिशीतले, दाढीवाले. ऑगस्टातल्या एका सकाळी ते ओपलच्या व्हरांड्यात येऊन बसले आणि गोड चहाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "ओपलबाई, येत्या रविवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये 'डावीकडेच' दाखवायचं म्हणतोय."

"कुठं?"

"हॉलमध्ये. प्रभूच्या नावानं हल्ली बारा डोकी येतात. हूट ग्रिग्जच्या नावानं लोक ओहायोहून येतात हो."

"माझा विरोध आहे. लिहून घ्या."

"घेतो ना. पण कशाला विरोध? कुठला प्रसंग खटकला?"

"सगळाच खटकलाय!"

"म्हणजे तुम्ही पाहिलाय?"

ओपलनं मान ताठ केली. "पाहायची काय गरज? चिखल आहे हे कळायला त्यात लोळावं लागतं का?"

पास्टर हसले. "पण बाई, चर्चच्या वडीलमंडळींसमोर तक्रार मांडायची तर कोणी ना कोणी विचारणारच. तुम्ही एकदा बसा. जिथं खटकेल तिथं बोट दाखवा. मी तेवढं कापतो. शब्द देतो."

ओपलनं विचार केला. वीस वर्षांत समितीचं म्हणणं ऐकून घ्यायला प्रथमच कोणी तयार झालं होतं. "येईन मी. पहिल्या रांगेत बसेन," ती म्हणाली.

आत टेबलावरून काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं.

रविवारपर्यंत गार्लंडनं जंग जंग पछाडलं. शुक्रवारी त्याला वाटलं, आपण दोघांनी बहिणीकडे व्हर्जिनियाला जाऊन यावं. शनिवारी त्याच्या छातीत दुखलं. ओपलनं दवाखान्यात फोन लावला तसं थांबलं. रविवारी दुपारी त्यांची पिकअप सुरूच होईना. गावातला सगळ्यात जुना मेकॅनिक, म्हणजे खुद्द गार्लंड, बॉनेटखाली डोकं घालून म्हणाला, "काही कळत नाहीये बुवा."

"तुझ्या खिशात काय आहे?" ओपलनं विचारलं.

खिशात इंजिनातून काढलेलं डिस्ट्रिब्युटरचं झाकण होतं.

"गार्लंड हिनशॉ!" ती म्हणाली. पुरं नाव घेतलं की तो मुकाट्यानं ऐकायचा. "तुला आवडतो वाटतं तो पिक्चर?"

"तसं नाही गं..."

"मग गाडी नीट कर आणि टाय बांध."

हॉल खचाखच भरला होता. पिमेंटो चीजची सँडविचं, कोबीचं कोलस्लॉ, डुकराच्या कलेजीचं भाजलेलं लिव्हरमश, सगळं मांडलेलं. मागच्या रांगांत ओहायोचे लोक हूटच्या टोप्या घालून बसले होते. ओपल पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर पर्स, पर्सवर हात. शेजारी गार्लंड, फाशीच्या तख्तावर बसावा तसा.

पिक्चर सुरू झाला. गाड्या फिरल्या, धूळ उडाली. ओपलला काही खटकेना, कारण काही कळेचना. मग मॅव्हिस आली. कमरेला एप्रन, हातात लाटणं, शर्यतीहून आलेल्या हूटकडे एक नजर टाकून म्हणाली, "पहिला आलास की! हरलेल्यांत!" सगळा हॉल तिच्याबरोबर एका सुरात म्हणाला.

ओपलच्या कपाळाला आठी पडली. वाक्य ऐकून ऐकून पाठ झालेलं होतं, पण ते असं स्वयंपाकघरात उभं राहून, असं मान वळवून म्हटलेलं तिनं पाहिलं नव्हतं. मॅव्हिसनं एप्रनला हात पुसले, आधी तळवे, मग पालथे. ओपलनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

मग धक्क्याचं वाक्य आलं. मग सासूच्या टोपीवरचं आलं. ती टोपी तर ओपलच्या सासूचीच होती, चेरीवाली.

"गार्लंड," ती समोरच बघत हळू आवाजात म्हणाली.

"हं."

"ही बाई कोण आहे?"

"नटी आहे गं. कॅलिफोर्नियाची."

"गार्लंड!"

त्यानं टायची गाठ चाचपली. त्याचे कान लाल झाले होते. ओपलनं मागं वळून पाहिलं. न्हावी छताकडे बघू लागला. महापौरबाईंनी तोंडात सँडविच कोंबलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वीस वर्षं ही मंडळी तिच्याच तोंडचं तिलाच ऐकवत होती आणि ती त्यांना त्याबद्दल सहलीतून हाकलत होती.

ती उठून गेली असती. पण पडद्यावर रात्र झाली होती. हूट शर्यत हरून उशिरा घरी आला, दारातच उभा राहिला. मॅव्हिसनं ताटलीवरचं फडकं उचललं आणि कमरेवर हात ठेवला. हॉलनं श्वास रोखला. मग तिच्याबरोबर सगळे ओरडले, "बिस्किटं गार झालीत, आणि मीही!"

"साफ खोटं!"

ओपल उभी राहिली होती. तिची सावली हूटच्या तोंडावर पडली. "मी असं म्हटलंच नव्हतं! मी म्हटलं होतं, बिस्किटं गार झालीत, मी नाही! मी नाही झाले गार!"

पास्टरांनी पिक्चर थांबवला. हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आपण काय बोललो हे ओपलच्या ध्यानात आलं, तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत रंग चढत गेला. पण मागं घेईल ती ओपल कसली! "लग्नाच्या नवऱ्यालाच म्हटलं होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग असा हशा उसळला की टेबलावरचं कोलस्लॉ हललं. फक्त ओहायोचा एक गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं उभा राहिला. तो तिकडच्या चाहते मंडळाचा प्रमुख होता. "माफ करा बाई, पण मूळ वाक्य 'मीही' असंच आहे. मी चाळीस वेळा पाहिलाय."

"मूळ मी आहे," ओपल म्हणाली.

"असेल. पण आम्ही पिक्चरला धरून चालतो."

 घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात ओपलनं कार्बुरेटर बाजूला सारला आणि ती गार्लंडच्या समोर बसली.

"बोल."

गार्लंडनं टाय सैल केला. "तो पिक्चर लिहिणारा पोरगा आपल्या गॅरेजवरच्या खोलीत राहिला होता ना त्या उन्हाळ्यात, तू टेनेसीला आईकडे होतीस तेव्हा. रोज विचारायचा, शर्यतीबद्दल सांगा. मी काय सांगणार गं? अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, डावीकडे वळायचं. दोन दिवसांत संपलं. तो कंटाळला. मग तू काय काय बोलतेस ते मी सांगायला लागलो, तर हसून हसून जमिनीवर लोळला तो."

"आणि बिस्किटांचं? तेही सांगितलंस?"

"ते अर्धंच सांगितलं," गार्लंड म्हणाला. "पुढचं त्यानं त्याच्या मनानं घातलं. खरं पुढचं फक्त माझं होतं."

ओपल त्याच्याकडे पाहत राहिली. रागवायचं ठरवूनच बसली होती ती, आणि तेवढ्यासाठी थोडं रागावलीही. दोन दिवस त्याला नाश्त्याला कोरडा टोस्ट मिळाला.

सन्मान समिती तिनं मोडली नाही. तिचं काम तेवढं बदललं. आता दर सप्टेंबरला अध्यक्षा पहिल्या रांगेत बसतात आणि मॅव्हिस चुकली की मोठ्यानं दुरुस्ती करतात. गावकरी त्यासाठीच येतात. चाहते मंडळानं मात्र महापौरांकडे रीतसर तक्रार केली आहे की एक स्थानिक वृद्ध महिला मूळ कलाकृतीत व्यत्यय आणते, तरी तिला जरा मागं बसवावं. नव्या टी-शर्टांवर दोन्ही वाक्यं छापलेली असतात, पुढं त्यांचं, पाठीवर तिचं. पाठीवरचं जास्त खपतं असं न्हावी सांगतो.

तिसऱ्या वर्षी, घसा बसल्यामुळे, ओपलनं प्रथमच पिक्चर गप्प बसून शेवटपर्यंत पाहिला. दिवे लागल्यावर ती गार्लंडकडे वळली.

"चांगला आहे रे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "फक्त मधे मधे त्या गाड्या कशाला घातल्यात?"