पाठमोरा देव

थोरला देव मेला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत नातीच्या शेजारी बसलो होतो आणि माझं तोंड दाण्यांनी भरलेलं होतं.

मी त्या देवाचा आवाज. पडद्यावर दिसतो तो दाढीवाला कुठल्यातरी लांबच्या देशातला नट, त्याची माझी ओळख ना पाळख. पण आपल्या भाषेत तो बोलतो ते माझ्या घशातून. हिरवा झगा घालून उडणाऱ्या त्या पोरीचे सगळे सिनेमे मी केले. ती शहरं वाचवते, राक्षसांना लोळवते आणि दर सिनेमात एकदा म्हाताऱ्या बापाचा सल्ला घ्यायला येते. तो बाप म्हणजे मी. रस्त्यात मला कुत्रं ओळखत नाही, पण केस कापायला बसल्यावर मी नुसतं "कानामागे जरा कमी करा" म्हटलं की बाकावरची पोरं माना वळवतात. एवढ्या सुखावर माझं म्हातारपण मजेत चाललं होतं.

ह्या खेपेला देव मरणार हे मला ठाऊक होतं. डबिंगच्या खोलीत उभं राहून मीच त्याला मारला होता. तो समुद्राकाठच्या खडकावर आपल्याकडे पाठ करून बसतो आणि लेकीला सांगतो, की आभाळाला पडलेलं भगदाड बुजवायला कुणाचातरी जीव लागतो. तुझा जाऊ नये म्हणून मी माझा देतोय. चांगलं लांबलचक भाषण होतं. शेवटाकडे मी आवाज मुद्दाम फाटू दिला, थोडा थरथरू दिला. देव झाला म्हणून काय झालं, लेकीचा निरोप घेताना बाप खणखणीत बोलेल का? नातीला मी आधीच बजावलं होतं, "तो खडकावर बसला की खाणं बंद. आजोबांनी तिथे जीव ओतलाय."

देव खडकावर बसला. नातीने खाणं बंद केलं, मीच विसरलो. पाठ दिसतेय, पांढरे केस उडतायत, खांदे हलतायत, आणि व्हायोलिनं वाजतायत. मी वाट बघतोय. व्हायोलिनं वाजतच राहिली. मग देवाचा एकाएकी धूर झाला, लेक किंचाळली आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. माझा एक शब्दही आला नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "ह्याला काय झालं मधेच?"

"वय झालं असेल," दुसरा म्हणाला आणि अख्खी रांग हसली.

नातीने माझी बाही ओढली. "आजोबा, तुम्ही का मेलात?"

मी दाण्यांची पुडी तिच्या हातात दिली.

ह्या सिनेमांचं डबिंग माझा धाकटा भाऊ बघतो. मीच त्याला हाताला धरून ह्या धंद्यात आणला. काचेपलीकडे तो बसतो, अलीकडे मी उभा. काचेच्या वर एक लाल दिवा आहे. तो लागला की आवाज रेकॉर्ड होतो; तो बंद असताना कितीही घसा फोडा, सगळं हवेत जातं. वाक्य संपलं की हेडफोनमध्ये धाकट्याचा आवाज येतो, "झकास, दादा. पुढे." माझं बरं झालं की वाईट, हे मी इतकी वर्षं त्या एका शब्दावरून ठरवत आलोय.

त्याला फोन केला तर म्हणाला, "मूळ सिनेमातच कापलं रे शेवटच्या घटकेला. तिकडच्या लोकांपुढे आपलं काय चालतंय?"

मी तिकडच्या लोकांचा उद्धार सुरू केला. जेवताना, अंघोळ करताना, फिरायला जाताना. बायको वैतागून म्हणाली, "सिनेमा त्यांचा, देव त्यांचा, कान मात्र आमचे किटले!"

मग एका रविवारी नात मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर तोच सिनेमा दुसऱ्या भाषेत बघून आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आजोबा, त्यांचा देव बोलतो की! का मरतोय ते सगळं सांगतो. मैत्रिणीची आई तर रडली."

म्हणजे देव सगळीकडे कारण सांगून मेला होता, फक्त माझ्या तोंडून मुका मेला होता.

सोमवारी सकाळी धाकटा स्टुडिओ उघडायला येण्याआधीच मी दारात होतो. मला बघून त्याने किल्ली दोनदा चुकीची लावली.

"कापलं कुणी?" आत गेल्यावर मी विचारलं.

"दादा, आधी बस तर."

"कुणी कापलं?"

"मी." तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "आवाज थरथरत होता तुझा."

"मुद्दाम थरथरवला होता!"

"दादा..."

"अरे, मरतोय तो माणूस! मरताना काय भाजीवाल्यासारखा ओरडेल?"

चष्मा फ्रिजमध्ये सापडल्यावर "मुद्दाम ठेवला होता" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्याने माझ्या अंगाची लाही झाली.

"सिनेमाच्या कंपनीचा माणूस म्हणाला, म्हातारा संपला," तो हळूच म्हणाला. "तुझी नक्कल करणारा एक नवा पोरगा आहे, भाषण त्याच्याकडून घ्या म्हणाला. मी भांडलो, दादा. म्हटलं, पाठमोराच आहे, ओठ दिसत नाहीत, व्हायोलिनं वाढवू. तुझ्या देवात दुसऱ्याचा आवाज घालायला मला नाही जमलं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार होतो?"

"त्या दिवशी तर झकास म्हणालास!"

"ते मी नेहमीच म्हणतो," तो बोलून गेला.

परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ह्याने केसाने गळा कापला, आणि वर त्याला वाटतं की माझी लाज राखली. मी म्हटलं, "ऐकव." त्याने ऐकवलं. एकाच स्पीकरमधून मला माझा मरणारा देव ऐकू येत होता आणि त्याला फक्त त्याचा म्हातारा भाऊ.

"दिवा लाव," मी म्हटलं. "सरळ बोलून दाखवतो. आजची तारीख घालून कंपनीला पाठव आणि विचार, कोण संपलंय ते."

"आता कशाला, दादा? सिनेमा लागलाय."

"लाव म्हणतो ना!"

"बरं. लावतो."

मी आत गेलो, हेडफोन चढवले. हे भाषण मी पहिल्यापासून देवासारखंच करतो, सगळ्यांकडे पाठ करून. काचेकडे पाठ केली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. कारण सांगितलं. लेकीचा निरोप घेतला. आवाज एकदाही हलू दिला नाही. छातीवर हात ठेवून सांगतो, एकदाही हलला नाही. शेवटचा शब्द संपला.

"झकास, दादा," हेडफोनमध्ये आवाज आला.

मी वळलो. काचेपलीकडे तो मान खाली घालून बसला होता. वरचा लाल दिवा बंद होता.