पिवळ्या खडूची टिक

खडू स्टोव्हच्या टाकीवर कर्रकन ओढला गेला. ज्योतीरामने टिक केली, मागे सरून एकदा पाहिली आणि म्हणाला, "पास."

"नक्की विझलाय ना?" इंद्रायणीने विचारलं.

"पास म्हणजे विझलाय."

ज्योतीराम पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होता. तिथे पाहिलेल्या मालावर पिवळ्या खडूची टिक पडली, की त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. बायको इंद्रायणी कुलूप लावून पुन्हा पुन्हा स्टोव्ह बघायला परतू लागली, तेव्हा त्याला हाच इलाज सुचला.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. मग इंद्रायणीला शंका आली, ही टिक आजची की कालची? तेव्हापासून रोज जुनी पुसून नवी टिक. ज्योतीराम पहिल्या शिफ्टला असला की शेजारची शमीम खडू घेऊन यायची. "पास है भाभी, निघा आता." शाळेच्या वाटेवर पाच वर्षांची कुंदा न विचारता सांगायची, "आई, स्टोव्ह पास आहे." तरी अर्ध्या वाटेतून इंद्रायणी तिचा हात धरून माघारी फिरायची. कुंदाची शाळा बुडायची.

चाकणहून इंद्रायणीच्या सासूबाई सुभद्राबाई आल्या. त्यांनी हे खातं गुमान पाहिलं आणि जेवताना म्हणाल्या, "पोरीची शाळा बुडतीया. असंच चाललं तर तिला मी चाकणला न्हेते. तकडं चूल हाय. ती इझली का न्हाई, कुनी इचारत न्हाई."

इंद्रायणीने कुंदाच्या भातावर वरण वाढलं, मग पुन्हा वाढलं. आवरून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला डॉक्टरकडे न्या."

पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्न ज्योतीरामला विचारला. "पास झालेला माल कंपनीत परत तपासायला येतो?"

"नाही साहेब."

"मग घरी रोज कसा येतो?"

ज्योतीरामने खिशातला खडू चाचपला.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "यांना शंका येते, तुम्ही खात्री देता. घटकाभर बरं वाटतं आणि शंकेला चटक लागते. घरात कुणीही उत्तर द्यायचं नाही. रागवायचं नाही, सोबत राहायचं. भीती चढेल, पण तिची ती उतरेलही."

ज्योतीरामने घरी सगळ्यांना बसवून सूचना दिली, उद्यापासून तपासणी खातं बंद.

"मग मी काय करायचं?" शमीम म्हणाली.

"काही नाही करायचं."

"ते जास्त अवघड आहे, भाऊ."

"मी तर आधीपास्नंच काय करत न्हवते," सुभद्राबाई म्हणाल्या.

सकाळी इंद्रायणीने स्टोव्ह विझवला, कुलूप लावलं. ज्योतीरामची दुसरी शिफ्ट होती, तोही सायकल हातात धरून सोबत निघाला. मागून सुभद्राबाई. कोपऱ्यावर तिचे पाय अडले. "अहो, विझलाय ना?"

ज्योतीरामने सायकलची घंटी निरखून पाहिली. मागे आपल्या ओट्यावरून बघणाऱ्या शमीमने ओढणीचं टोक तोंडात धरलं. सुभद्राबाई इंद्रायणीजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मी हाय," एवढंच म्हणाल्या. कुंदाने ओठ गच्च मिटले होते.

इंद्रायणीला पेटलेलं घर दिसत होतं, कपड्यांच्या दोरीसकट. तिने कुंदाचा हात इतका आवळला, की पोरीने दुसरा हातही तिला देऊन टाकला. रेल्वेचं फाटक बंद होतं. सगळे उभे राहिले. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि इंद्रायणी पुढे चालू लागली. भीती तेवढीच होती, पण पाय पुढे पडत होते.

शाळेत अजून प्रार्थना चालू होती. दारात ती कुंदाची रिबीन सारखी करायला वाकली.

"आई, आता बोलू?"

"बोल."

"तुला भीती वाटत होती ना?"

"हो."

"आम्ही गप्प बसलो, म्हणजे तू बरी होणार."

"हो गं."

कुंदाने दप्तर खांद्यावर चढवलं.

"मग मला भीती वाटली, की तूपण गप्प बसणार?"