दहा दगडांची सोय

पवनीच्या खेमराज विणकराचं डोकं भारी चालायचं, यात गल्लीत कोणाला शंका नव्हती. माग अडला की खेमराज, विहिरीची गरारी कुरकुरली की खेमराज. त्याच्या घराचं फाटक ढकललं की दोरी ओढली जायची, परसातली टोपली वर उचलली जायची आणि खालच्या कोंबड्या ओरडत बाहेर पडायच्या. गल्लीतली पोरं दिवसातून वीसदा फाटक ढकलायची. कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं, पण खेमराजनं दोरी काही सोडली नाही.

त्याची बायको राधाबाई या उद्योगांना पोट धरून हसायची. बावीस वर्षं ती मागाशेजारी बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत आली होती. त्याचा माग आणि तिचा रहाट सकाळी एकदमच सुरू व्हायचे आणि दुपारी जेवायला एकदमच थांबायचे. एकुलती एक लेक लग्न होऊन कोंढ्याला गेली, तेव्हापासून तर घरात या दोन आवाजांखेरीज तिसरा आवाज नव्हता.

एकोणऐंशी साली राधाबाईला लकवा मारला. डावं अंग गेलं, उजवा हात तेवढा चालत राहिला. मागाच्या खोलीत खाट मावत नव्हती, म्हणून तिची खाट मागच्या खोलीत पडली. शेजारची शोभाताई सकाळ-संध्याकाळ येऊन तिचं अंग पुसायची, कपडे बदलायची. मधला सगळा दिवस राधाबाई छताकडे बघत असायची. हाक मारली तर ती मागाच्या खडखडाटात कुठल्या कुठे विरून जायची. एका दुपारी खेमराज आत आला तेव्हा तिचे ओठ सुकले होते आणि डोळे वाहत होते. त्यानं आठ दिवस माग बंद ठेवला आणि यंत्र केलं.

यंत्र असं होतं. खाटेजवळची दोरी ओढली की वरची फळी कलायची. फळीवरचा वैनगंगेतला गोल दगड चिरलेल्या बांबूतून गडगडत यायचा आणि टिनाच्या डब्यात पडायचा. डबा खाली जाताना गरारीवरून दुसरी दोरी ताणायचा, त्यानं पाण्याचा गडवा वाकायचा आणि उशाशी ठेवलेला पेला भरायचा. डबा जमिनीला टेकला की मागाजवळ बकरीच्या गळ्यातली घंटी वाजायची. म्हणजे पाणी पोचलं.

फक्त एक होतं. दर वेळी खेमराजला उठून आत जावं लागायचं. दगड परत फळीवर ठेवायचा, गडवा सरळ करायचा, डबा वर चढवायचा. चांगली पाच मिनिटं मोडायची.

"आज किती झालं जी?" राधाबाई विचारायची. लकव्यानं तिचे शब्द जड झाले होते.

"दीड हात."

"किनार कोनती धरली?"

"तुले आवडते तेच. हिरवी."

"बसा ना जराशे."

"धोटा तसाच टाकून आलो वो," म्हणत तो निघायचा. थोड्या वेळानं परत घंटी. दिवसातून बारा वेळा घंटी वाजायला लागली तेव्हा खेमराज घाबरला. त्यानं दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं, बाईला एवढी तहान काहून लागते? डॉक्टरांनी एक दवा लिहून दिली. दुसऱ्या कोणालाही जे एका दिवसात कळलं असतं, ते या भारी डोक्याच्या माणसाला कळलं नाही. त्याला तहान दिसत होती.

शाळेचे केवळराम गुरुजी यंत्र बघायला आले. त्यांनी गरारीला कप्पी म्हटलं, फळीला तरफ म्हटलं, बांबूला उतरण म्हटलं आणि खूप वाहवा केली. जाताना म्हणाले, "पन खेमराजभाऊ, मांडाले तुमालेच उठा लागते ना? मंग हे अर्धंच यंत्र झालं."

ते वाक्य खेमराजला लागलं. त्यानं दोरीच्या टोकाला वजन बांधलं. डबा खाली टेकला की खुंटीला अडून कलंडायचा, दगड बाहेर पडायचा आणि हलका झालेला डबा वजनाच्या ओढीनं आपला आपण वर जायचा. गडवा सरळ व्हायचा. फळीवर एकाऐवजी दहा दगड ओळीनं ठेवायची खाच केली, एका ओढीला एकच दगड सुटेल अशी. सकाळी एकदा दगड रचले आणि गडवा भरला की दिवसभराची सोय.

त्यानं ते राधाबाईला मोठ्या आनंदानं करून दाखवलं.

"मंग आता तुमी येनार नाही?" ती म्हणाली.

"आता कायले येऊ? ना तुले तरास, ना मले."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला झोप आली असेल असं समजून तो पाय न वाजवता बाहेर गेला.

पहिल्या दिवशी घंटी आठदा वाजली. मग चारदा. मग दोनदा. डॉक्टरांची दवा लागू पडली, असं तो गल्लीत सांगत सुटला. माग जोरात चालला होता. पौषात एके दिवशी राधाबाईला बारीक ताप होता, आणि त्या दिवशी घंटी वाजलीच नाही. आज बाईला आराम पडलेला दिसतो, असं म्हणून त्यानं लुगडं पुरं करूनच माग सोडला. आत गेला तेव्हा फळीवर दहाच्या दहा दगड ओळीनं बसलेले होते आणि राधाबाईचं अंग थंड पडलं होतं.

तेरवी झाल्यावर शोभाताई राहवेना म्हणून बोलली. "भाऊजी, बाईले तहान नोती. पेल्यातलं पानी ते खाटेखालच्या बादलीत ओते. पयले रोज सांजच्याले बादली मीच भरलेली नेत होती. मले म्हने, सांगू नोको, नाही तं हे येनं बंद करतीन."

खेमराज कोंबड्यांच्या टोपलीजवळ जाऊन बसला आणि मोठमोठ्यानं रडला.

पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला विज्ञान प्रदर्शन होतं. गुरुजी शाळेच्या वतीनं यंत्र मागायला आले. नाही म्हणायलाही त्याच्यात बळ नव्हतं. त्यानं यंत्र नेलं, पण नेण्याआधी दोरीचं वजन सोडून टाकलं आणि नऊ दगड काढून ठेवले.

बक्षीस ठरवणारे साहेब टेबलाशी आले. सगळं बघून म्हणाले, "छान आहे. पण हे आपोआप पूर्ववत व्हायला हवं होतं. मग पहिला नंबर तुमचाच."

"पयले तसंच होतं साहेब. मीच काढलं."

"का बरं?"

"तसं केलं का मानूस उठून येत नाही."

साहेबांना काही उमगलं नाही. ते पुढच्या टेबलाकडे वळले.

दिवसभर पोरं येत राहिली, दोरी ओढत राहिली. दर वेळी खेमराज स्टुलावरून उठायचा, दगड फळीवर ठेवायचा, गडवा सरळ करायचा, आणि पोराला विचारायचा, कोणत्या गावचा, शाळा कोणती, जेवलास का. संध्याकाळपर्यंत तो साठ-सत्तर वेळा उठला असेल, आणि एकदाही कंटाळला नाही. राधाबाईनं तर त्याला दिवसातून बाराच वेळा बोलावलं होतं.