हे बरं, की हे?

मालक वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. "मागच्या खोलीत बसून काचा घासू दे त्याला," ते मला म्हणाले. "तिथे बोलावं लागत नाही."

त्यांच्या चष्म्याच्या दुकानात माझा नवरा अकरा वर्षं डोळे तपासायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याची स्कूटर घसरली, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशननंतर हातपाय शाबूत राहिले, समजही शाबूत. हरवले ते शब्द. कप हवा असला की तो "चमचा" म्हणायचा, आणि चुकलं हे त्यालाच आधी कळायचं. मी मुकाट्याने कप द्यायचे. आमची अडीच वर्षांची चिमणी मात्र ठणकावून सांगायची, "चमचा नाही, कप!" आणि गंमत बघा, तो तिच्यावर खूश, माझ्यावर नाराज.

"त्यांचं वाक्य तुम्हीच पुरं करता, त्यांच्या तोंडातला घास काढून घेता," स्पीच थेरपीच्या ताई मला म्हणाल्या होत्या. "मनात पंधरा मोजल्याशिवाय मधे बोलायचं नाही." उपचार त्याचा, आणि गृहपाठ मला.

मालकांचा निरोप ऐकल्यावर तो ताईंना एकच शब्द म्हणाला, "पुढे." पुढची खोली, तिथली उंच खुर्ची, समोरचा अक्षरांचा तक्ता, ती त्याची जागा. ताईंनी मग महिनाभर त्याच्याकडून मोजकीच वाक्यं घोटून घेतली. बसा. वाचा. हे बरं, की हे? मालकही एका गिऱ्हाइकापुरते कबूल झाले. जमलं तर पुढे, नाही तर कायमचा मागे.

शनिवारी सकाळी मी कोपऱ्यात स्टुलावर बसले, तोंडाला कुलूप लावून.

गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या कपडे शिवणाऱ्या मावशी. त्यांना अपघाताचं ठाऊक होतं. "कसा आहेस रे बाळा?" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, जणू त्याचे कानच गेलेत. त्याने त्यांना बसवलं, तपासणीची फ्रेम चढवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती लावली आणि उजव्यापुढे भिंगं बदलायला लागला.

"हे ब... हे..." मी मोजत होते. नऊ, दहा. "बरं, की... हे?"

"छान!" मावशी म्हणाल्या.

पुढचं भिंग. "हेही छान! लख्ख दिसतंय."

चार भिंगं झाली, चारही छान. दारात उभ्या मालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. जमतंय की! मलाही तसंच वाटलं. त्याचा चेहरा मात्र पडला होता. तो चेहरा माझ्या ओळखीचा. मी मुकाट्याने कप दिला की असाच व्हायचा.

त्याने पेटीतून सावकाश काहीतरी उचललं, फ्रेममध्ये बसवलं. "हे?"

"अगं बाई, हे तर सगळ्यात स्वच्छ!"

मी नीट बघितलं. दुसऱ्या डोळ्यापुढेही त्याने काळी चकतीच लावली होती. मावशींना तक्ता काय, स्वतःचं नाकही दिसत नसणार.

तो खांदे हलवत हसायला लागला. मावशींनी फ्रेम काढली, उलटसुलट केली आणि कपाळावर हात मारला. "लबाडा! अरे, तुला त्रास नको म्हणून मी..."

त्याचं हसू थांबलं. "सुई," तो म्हणाला.

पंधरा झाले, वीस झाले. त्याला काय म्हणायचंय ते अख्खं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी स्टुलाची कड घट्ट धरली.

"सुई... दिसणार नाही. खरं... सांगा."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि ताठ बसल्या. "लाव पुन्हा. आता मी सोडत नाही तुला."

आणि खरंच सोडलं नाही. "हे वाईट. हे त्याहून वाईट. हे काय धुकं लावलंस?" एकेका 'वाईट'वर त्याचा चेहरा उजळत होता. पन्नास मिनिटं गेली, पण नंबर निघाला. जवळचं वाचायच्या कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ मावशींनी न अडखळता वाचली.

मालकांनी घड्याळ पाहिलं. "काम चोख आहे रे, पण वेळ फार जातो. दिवसाला एक गिऱ्हाईक पुढे, बाकी वेळ मागे. चालेल?" सवयीने त्यांनी उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्यातली अक्षरं वाचत बसले.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

त्याने तीन बोटं वर केली आणि लगेच स्वतःच हात खाली घेतला.

"तीन म्हणतोय तो, तीन!" मावशींना राहवलं नाही.

तो त्यांच्याकडे वळला. "मी... बोलतो... ना."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. मालकांनी उंच खुर्ची ओढली आणि गिऱ्हाइकासारखे तिच्यावर बसले. "बोल बाबा," ते म्हणाले. "मी थांबतो."

किती वेळ गेला कोण जाणे, मी मोजलं नाही.

"तीन."

"सोमवारी तिघांना बोलावतो," मालक म्हणाले.